घरटी एक तांब्या

"तू बोलतोस म्हंजे खोटंच असणार," रंगराव पाटील म्हणाले, "पण आज दुसरा इलाज न्हाई. बोल."

कुंडजाईच्या कुंडाच्या काठावर आम्ही उभे होतो. सकाळचे आठ वाजले असतील. खाली पाणी होतं, पण त्याला पाणी म्हणायचं धाडस लागलं असतं. तांबूस, दाट, टपरीवरच्या दुसऱ्या उकळीच्या चहासारखं. पहिली पायरी दिसत होती, दुसरी असावी असा अंदाज होता. एकंदर पायऱ्या नऊ.

"भेंडीचं पाणी घालू," मी म्हणालो. "गाळ खाली बसंल. तळ दिसंल."

मागे कुणीतरी फुसकन हसलं. पाटलांनी मागे न बघता हात वर केला आणि हसू थांबलं.

लोकांचंही चुकत नव्हतं. मी बेलसंगीचा गुळव्या. उसाच्या रसाची मोठी कढई, म्हणजे काईल, चुलवाणावरून कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. पण माझ्या गुळापेक्षा माझ्या थापांना गिऱ्हाईक जास्त. संध्याकाळी गरम गूळ चाटायला येणारी माणसं खरं तर ऐकायलाच यायची. पंचगंगेच्या पुरातून सुसरीच्या पाठीवर बसून मी म्हैस कशी परत आणली. आमच्या आज्यानं एका गोऱ्या साहेबाला काकवीत कसा बुचकळला, आणि मुंग्यांनी त्याला ओढत विलायतेच्या बोटीपर्यंत कसा पोचवला. तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो मी. आता पंच्याऐंशी. सुसर आता मगर झाली आहे आणि म्हशी दोन. पण त्या दिवसाला मी कधी शेपूट लावलं नाही.

वरच्या पायरीवर शिदबा गुरव बसला होता. सोमवारपासून तो तसाच होता, ओल्या धोतरात. त्याच्या मागे त्याची बायको हौसा. तिनं त्याच्या उपरण्याचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं, पोराला जत्रेत धरतात तसं. का धरलंय हे सगळ्यांना कळत होतं. कुणी विचारत नव्हतं.

झालं होतं असं. माघी पुनवेच्या चार दिवस आधी, सोमवारी पहाटे, गुरव देवीचा चांदीचा मुखवटा कुंडावर नेतो आणि रिठ्याच्या फेसानं धुतो. गुरवाखेरीज त्या वेळी तिथं कुणी थांबायचं नाही, हा रिवाज. शिदबा म्हणाला, फेसानं हात निसरडा झाला आणि मुखवटा सुटला. बुडी मारली, हातानं चाचपलं, पुन्हा मारली. गाळ उठला तो उठलाच. शाडूसारखी बारीक माती. एकदा ढवळली की पंधरा-पंधरा दिवस खाली बसायचं नाव घेत नाही.

आणि बेलसंगीचे नियम तुम्हाला सांगायला हवेत. कुंड उपसायचं नाही. कुंड कोरडं झालं की देवी गाव सोडते. पाय लावून शोधायचं नाही. चुकून देवीच्या तोंडावर पाय पडला तर? गळ टाकायचा नाही, बांबू खुपसायचा नाही. देवीच्या डोळ्यात गेला तर? राहिलं काय? डोळ्यांनी बघणं. आणि डोळ्यांना चहा दिसत होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच सोमवारी संध्याकाळी गावात बातमी पसरली, की आदल्या दिवशी शिदबा तालुक्याला सोनाराच्या दुकानात उभा होता, काखेत गाठोडं घेऊन. मग लोकांनी हिशेब मांडला: रविवारीच मुखवटा गेला असेल तर सोमवारी पाण्यात पडलं काय? पंच बसले. पुनवेला दिवस मावळताना पालखी उठते. तोवर मुखवटा मिळाला नाही तर शिदबा फौजदाराच्या ताब्यात, घराला कुलूप, देवीची सेवा दुसऱ्या गुरवाकडे.

आज पुनव होती.

"भेंडीनं काय हुतंय?" पाटलांनी विचारलं.

"रस काईलीत पडतो तवा असाच गढूळ असतो, पाटील. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळायचं, त्याचा चिकट उतरतो, त्यो रसात घालायचा. चिकटाच्या तारा असत्यात, दिसत न्हाईत इतक्या बारीक आणि लांब. एक तार ह्या कणाला धरती, त्या कणालाबी धरती. धा-ईस कण एकाच तारंत गुतलं की गठ्ठा हुतो. रसात त्यो उकळीनं वर येतो, आम्ही मळी म्हणून काढून टाकतो. थंड पाण्यात त्यो जड हुतो, खाली बसतो."

"ही तुझी सुसर तर न्हवं?"

"बाटली आणा एक."

पाटलांच्या घरून सरबताची रिकामी बाटली आली. कुंडातलं पाणी भरलं, गुऱ्हाळावरून आणलेलं भेंडीचं पाणी मोजून अर्धा चमचा घातलं, हळूहळू उलटी-सुलटी केली. सगळे वाकले. आधी काही नाही. मग त्या चहात नासलेल्या दुधासारखे कण दिसायला लागले, कणांचे झुपके झाले, झुपके डुलत डुलत बुडाशी गेले. दोन विड्या ओढून होईतो वरचं पाणी इतकं निवळलं की बाटलीपलीकडून पाटलांची मिशी दिसली.

"आयला," पाटील म्हणाले.

शिदबानं पहिल्यांदा मान वर केली.

मी कुंडाचा अंदाज घेतला. लांबी बारा हात, रुंदी तेवढीच, खोली सव्वा पुरुष. "तीन घागरी," मी म्हणालो. "तीन म्हंजे तीन. वरच्या हातभर पाण्यात बांबूनं हळू फिरवायचं, मग कुणी हात लावायचा न्हाई. दुपारपतुर तळ दिसंल."

बाबालाल मुलाणी, आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारा, माझ्या मदतीला आला होता. आम्ही दोघांनी खोडं ठेचली, चोळली, फडक्यातून गाळली. तीन घागरी कुंडात गेल्या. मी बांबू फिरवला. दर दोन फेऱ्यांनी थांबून शिदबाकडे बघत होतो. बाबालालनं ते पाहिलं.

"दौलू, तुला काय झालंय रं? गुरव तुझा सोयरा लागतो का?"

"गप बस."

अकराच्या सुमारास पाण्यात झुपके दिसायला लागले. दुसरी पायरी दिसली. हौसावैनीच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्याचा नाही आणि हसण्याचाही नाही. तेवढ्यात गुऱ्हाळावरून निरोप आला, काईल करपायला लागलीय, मालक बोंबलतोय. मी बाबालालला घेऊन पळालो. दोन तासांत येतो म्हणालो, पाटलांना बजावलं, कुणाला हात लावू देऊ नका.

काईल निस्तरून परत आलो तेव्हा दिवस कलला होता आणि कुंडावर ही गर्दी होती. बायका, म्हातारे, पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामा तांब्या.

मी पाण्याकडे पाहिलं. दुसरी पायरी गेली होती. पहिलीही गेली होती. पाणी सकाळपेक्षा दाट, बुळबुळीत, त्यावर साबणासारखी चकाकी.

"काय केलं?" मी ओरडलो. "पाटील, काय केलं ह्ये?"

पाटील थोडे ओशाळले. "आरं, देवीचं काम हाय. घरटी एक तांब्या नको का?"

आता हे तुम्हाला कळणार नाही, बेलसंगीकर असल्याशिवाय. देवीचं कोणतंही काम आमच्याकडे एकट्यादुकट्यानं होत नाही. नैवेद्याला घरटी एक भाकरी, दीपमाळेला घरटी एक वात, पालखीला घरटी एक खांदा. ज्याचा हात लागला नाही त्याच्या घरावर वर्षभर वाईट. माझ्या तीन घागरींनी पाणी निवळायला लागलेलं पाहिलं, आणि गावाला रुखरुख लागली: आपला हात कुठाय? ओढ्याकाठची रानभेंडी तासाभरात बोडकी झाली. एकशे साठ घरं. एकशे साठ तांबे. ज्यांनी शिदबाला चोर म्हटलं त्यांचेही तांबे, आणि शिदबाचा स्वतःचाही.

"थोडं घातलं तर थोडं निवळलं," एक म्हातारी म्हणाली. "लई घातलं तर लई निवळाया नको व्हय रं?"

"न्हाई, आजी! थोडा चिकट दोन कणांना बांधतो. लई झाला की परतेक कण चिकटात गुरफटतो. सगळ्यांच्या अंगावर घोंगडी चढली, आता कोण कुणाला धरतंय? एकमेकाजवळ आलं की घसरत्यात, लांब जात्यात. ह्ये आता म्हैनाभर असंच ऱ्हाणार!"

बोलून गेलो, आणि शिदबानं ऐकलं. त्यानं काही केलं नाही, फक्त उपरणं खांद्यावरून हळूच सोडवायला लागला. हौसावैनीनं दुसरी मूठही त्याच्यावर आवळली.

तेव्हा माझा धीर सुटला. मी पाटलांचा हात धरून त्यांना देवळाच्या भिंतीआड नेलं.

"पाटील, शिदबाला सोडा. सोनाराच्या दुकानात त्यो न्हवताच."

"तुला काय ठावं?"

"मीच सांगितलं हुतं ना तुम्हाला! सोमवारी सांजच्याला, गुऱ्हाळावर. तुम्ही म्हणालात, दौल्या, काल तालुक्याला गेलावतास, काय नवं-जुनं. नवं काय बी न्हवतं. सगळी मुखवट्याचंच बोलत हुती, माझ्याकडं कुणी बघंना. म्हणून ठोकून दिलं. मला वाटलं, हसाल."

होय. ती बातमी माझीच. इतका वेळ तुम्हालाही सांगितलं नाही. सांगायची जीभ आजही लवकर वळत नाही.

पाटलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मायेनं, हे जास्त वाईट.

"पाणी निवळंना, म्हणून आता ह्ये काढलंस व्हय? गुरवाची दया आली, चांगलं हाय. पण दौल्या, तुझ्या थापा आम्ही तुझ्या ल्हानपनापासनं ऐकतोय. तुझ्या थापंत सुसर असती, साहेब असतो. त्या दिवशीच्या बोलण्यात ना सुसर, ना साहेब. सरळ सांगितलंस. म्हणून तर खरं मानलं."

"पाटील, देवीची शपथ..."

"शपथ घिऊ नगंस. आता जे सांगतुयास, ही थाप. सोमवारचं त्ये खरं हुतं."

मी वळलो. भिंतीच्या कोपऱ्याशी हौसावैनी उभी होती. रिकाम्या तांब्यासाठी आली होती की कशाला, कोण जाणे. उपरण्याचं टोक तिनं तेवढ्यापुरतं बाबालालच्या हातात दिलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता तांब्या डोक्यात बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "भावजी, सूर्व्य किती ऱ्हायलाय?"

"दोन कासरं असंल."

"मग काय करायचं त्ये करा."

काय करायचं? मी कुंडाच्या काठावर उकिडवा बसलो. गुऱ्हाळावर असं कधी झालं होतं का? झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एका नवख्या गड्यानं भेंडीची अख्खी बादली काईलीत ओतली होती. मळी वर यायची थांबली, रस शेंबडासारखा. तेव्हा आमचा जुना गुळव्या, देव त्याला काकवी देवो, शांतपणे म्हणाला होता, "कच्चा रस वत. गाळू नगंस, घाणीसकट वत." घाणीचे नवे कण उघडे होते. त्यांच्या अंगावर घोंगडी नव्हती. ज्यांच्या अंगावर चिकट जास्त झाला होता त्यांचे धागे ह्या उघड्यांना जाऊन चिकटले, आणि अर्ध्या घटकेत मळीचा हा थर.

म्हणजे करायला काय हवं होतं? चिखल टाकायला हवा होता. कुंडात.

मी हे पाटलांना सांगितलं तेव्हा सगळ्या गावानं ऐकलं, आणि मग जो गलका झाला!

"देवीच्या अंगावर चिखल टाकतोय!"

"ह्याला सुसरीनंच खाल्लं असतं तर बरं हुतं!"

"तळ ढवळा की मग, तिथं काय चिखल कमी हाय?"

"तळ ढवळला तर बांबू मुखवट्याला लागंल," मी म्हणालो. "वरनंच वताया पायजे. ओघळीतला बारीक गाळ, पाण्यात कालवून, पातळ करून. बाटली आणा, पुन्हा दाखवतो."

"तुझी बाटली सकाळी बघितली," पाटील म्हणाले. आता त्यांच्या आवाजात माया नव्हती. "बाटलीत निवळलं, कुंडात नासलं. बास कर, दौल्या. पुनवेच्या दिवशी देवीच्या पाण्यात माती टाकणाऱ्याला मी जिता सोडणार न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरी गोष्ट होती आणि ती विकत घ्यायला एक माणूस नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून हौसावैनी खाली उतरली. ओघळीपाशी गेली. आमच्याकडे पाठ करून तिनं घमेलं भरलं, त्यात पाणी घातलं आणि हातानं कालवायला लागली, पिठलं कालवतात तसं, गाठ राहू न देता.

"हौसा!" पाटील ओरडले.

"पाटील, घर माझं जाणार हाय," ती कालवता कालवताच म्हणाली. "आणि ह्ये माणूस खोटं बोलतं तवा ह्याचं तोंड फुलतं, डोळं नाचत्यात. आता बघा जरा त्याच्याकडं. मढ्यावानी झालाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कसा दिसत होतो मला माहीत नाही. पण पाटील बाजूला सरकले, आणि पहिलं घमेलं कुंडात गेलं.

मग बाबालालनं दुसरं भरलं. तिसरं शिदबानं. मी बांबू फिरवत होतो आणि दर घमेल्याला थांबून पाणी ओंजळीत घेऊन बघत होतो. चौथं. पाचवं. सहाव्याला ओंजळीत झुपका दिसला, बाजरीएवढा. सातव्याला मी हात वर केला. "बास. आता कुणी श्वाससुदीक जोरात घिऊ नगा."

आणि वाट बघणं आलं. हौसावैनीनं उपरण्याचं टोक पुन्हा मुठीत घेतलं.

मी मोठ्या गमजा मारणारा माणूस, पण त्या तासाभराचं मला नीट सांगता येत नाही. झुपके मोठे झाले. पाण्याचा वरचा पदर आधी पातळ झाला, मग हिरवट. पहिली पायरी आली. दुसरी आली. पोरं मोजायला लागली, त्यांना बायकांनी गप्प केलं. तिसरी, शेवाळासकट. चौथी.

लोक खूश व्हायला लागले, आणि मला घाम फुटला. कारण जसजसं पाणी निवळत होतं तसतसा मला तो सोनार दिसायला लागला. त्याच्या दुकानाची फळी दिसत होती. फळीपाशी शिदबा उभा, काखेत गाठोडं, गाठोड्याच्या फटीतून चांदीचा कान. मी ते रचलं होतं, मला पक्कं माहीत होतं. पण चार दिवसांत पाटलांनी मला ते पाच वेळा सांगायला लावलं होतं, पंचांसमोर, कोतवालासमोर. आणि दर वेळी ते थोडं अधिक घट्ट झालं होतं. आता ते बाजूला सारून रविवारी मी खरंच काय पाहिलं ते आठवायला गेलो, तर तिथं दुसरं काही नव्हतंच. खाली मुखवटा नसला तर? माझी थाप खरी निघाली तर?

पाचवी. सहावी. सातवी, आठवी. नववी पायरी दिसली आणि तिच्याखालचा तळ दिसला. सपाट, मऊ, मातीच्या झुपक्यांनी नुकताच झाकलेला. तळावर काहीच नव्हतं.

पाटलांनी कोतवालाकडे पाहिलं. शिदबानं डोळे मिटले. सूर्य देवळाच्या कळसाला टेकला होता आणि त्याचे किरण आडवे होऊन पाण्यात शिरत होते.

"त्ये काय?" बाबालाल म्हणाला.

"कुठं?"

"आठव्या पायरीच्या पोटात. दगड निसटलाय बघा तिथं. त्या भोकात."

भोकात अंधार होता. अंधारात काहीतरी एकदा लुकलुकलं, पाणी हललं तसं पुन्हा लुकलुकलं. मग डोळा दिसला. उघडा, लांबट, चांदीचा. भिंतीच्या खोबणीत देवी आडवी अडकून बसली होती आणि एका डोळ्यानं आमच्याकडे बघत होती.

हौसावैनीनं मूठ उघडली. उपरणं सुटलं. शिदबा पाण्यात गेला, आणि मला वाटतं तो वर येईपर्यंत एकशे साठ घरांपैकी कुणीच श्वास घेतला नाही.

पालखी वेळेवर उठली. हलगी वाजली, गुलाल उडाला. ज्यांनी चोर म्हटलं होतं त्यांनी शिदबाला खांद्यावर घेतलं. मी दोन-तीन जणांना गाठून सांगून पाहिलं, की बाबांनो, सोनाराची गोष्ट माझी थाप होती. ते हसले. "आता बास की, दौल्या! जितलास, एवढं पुरं." शेवटी गावानं आपसात ठरवून टाकलं, की सोनाराच्या दुकानात शेजारच्या गावचा कुणी गुरव असेल. चेहरा मिळता-जुळता असतो म्हणे गुरवांचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसावैनी गुऱ्हाळावर आली. देवीच्या नैवेद्याची ढेप न्यायला गुरवाच्या घरचं कुणीतरी येतंच. काईल चढवायची होती, बाबालाल लाकडं फोडायला गेला होता. मी ढेप पुसून पुढे केली. ती तिनं घेतली नाही.

"सोमवारी काय सांगितलंत त्ये मला सांगा," ती म्हणाली. भावजी म्हणाली नाही.

"वैनी, चुकलो. पाया पडतो."

"पाया नगं. जसं सांगितलंत तसं सांगा. पयल्यापासनं."

मी सांगितलं. तिच्या तोंडाकडे न बघता, चुलवाणाकडे बघत. रविवारचा बाजार. सोनाराचं दुकान. फळीपाशी शिदबा.

"काखंत?"

"गाठोडं."

"डोईला?"

"तांबडा पटका," मी म्हणालो. तेही सांगितलं होतं. रंग घातला की चित्र उठावदार होतं.

ती म्हणाली, "आमच्या घरात तांबडं कुणी नेसत न्हाई, बांधत न्हाई. सात पिढ्या. तांबडं देवीचं. पोर जलमलं तरी तांबड्या दुपट्यात घेत न्हाई. गावात शेंबड्या पोरालाबी ठावं हाय ह्ये."

मला ठाऊक होतं. सोमवारी बोलताना आठवलं नव्हतं, एवढंच.

"तुम्ही पटका म्हणालात तवा पाटील काय म्हणाले?"

"काय न्हाई."

"आणि बाकीची?"

"कुणी काय बोललं न्हाई, वैनी."

"किती जण हुती ऐकाया?"

मी आठवलं. एकेकाचं तोंड आठवत मोजलं. ह्या वेळी एकही कमी-जास्त करायची इच्छा झाली नाही.

"तेरा."

तिनं ढेप उचलली, पदराखाली घेतली.

"तेरा," ती म्हणाली, आणि बांधावरून चालायला लागली.